घर बेमुदत, आपण मुदतीचे

बर्लिनमध्ये भाड्याचं घर मिळवायचं, राहण्याचा परवाना सांभाळायचा आणि मधल्या वेळात संसारही करायचा. कागदांच्या या शहराची ही सफर.

परदेशात राहणाऱ्या मित्रमैत्रिणींचे फोटो आठवा. बर्फ, कॉफीचे मोठाले मग, ब्रँडेनबुर्ग गेट, थंडीने लाल झालेले मुलांचे गाल. या अल्बममध्ये एक फोटो कधीच नसतो. प्लास्टिकच्या जाडजूड फोल्डरचा! खरं तर जर्मनीत बिऱ्हाड थाटलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाला विचारा, घराला आग लागली तर आधी काय उचलाल? दागिने नाहीत, लॅपटॉप नाही. फोल्डर. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, पगाराच्या स्लिपा, भाडेकरार आणि त्या सगळ्यांची जर्मन भाषांतरं. तेही साध्या नाही, शपथबद्ध भाषांतरकाराच्या शिक्क्याची.

आता तुम्ही म्हणाल, हे आम्हाला कशाला? कारण तुमच्या पुढच्या टेबलावरचा सहकारी कदाचित यंदाच निघालाय. जर्मनीत भारतीयांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांचा वार्षिक आकडा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा केली. पुण्यात जर्मनचे क्लास तर आधीपासूनच फुल्ल असतात. ऑफर लेटर आलं, पार्टी झाली, बॅगांचं वजन झालं. पुढे काय होतं ते कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी लगीन कोंडाण्याचं

आम्ही तिघं जानेवारी २०२२मध्ये बर्लिनला उतरलो. नवरा इंजिनीअर, मी तेव्हा नोकरी सोडून आलेली आणि लेक दोन वर्षांची. विमानतळाबाहेर उणे तीन तापमान आणि हातात तीन महिन्यांसाठी घेतलेल्या फर्निश्ड फ्लॅटचा पत्ता.

बर्लिनमधला पहिला शब्द शिकायचा तो 'आनमेल्डुंग'. म्हणजे, 'मी या पत्त्यावर राहतो' अशी सरकारदरबारी नोंद. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असा देशभराचा कायदा आहे आणि उशिराला एक हजार युरोपर्यंत दंड होऊ शकतो. ही नोंद 'ब्युर्गरआम्ट'मध्ये होते, म्हणजे आपल्या वॉर्ड ऑफिसचा जर्मन भाऊ. तिथे नुसता भाडेकरार चालत नाही. २०१५च्या नोव्हेंबरपासून घरमालकाने सही केलेलं वेगळं पत्र लागतं, की हो, ही माणसं माझ्याकडे राहायला आली आहेत. आणि तिथे जायला लागतो 'टर्मीन', म्हणजे अपॉइंटमेंट. टर्मीन हा जर्मन आयुष्याचा श्वास आहे. पहाटे उठून साइट रिफ्रेश करत बसणं हे आमच्याकडे तेव्हा चहाइतकं नियमाचं झालं होतं.

आता गंमत बघा. नोंद झाली की पोस्टाने अकरा आकडी टॅक्स नंबर येतो. तो नसेल तर पगारातून सगळ्यात महागड्या वर्गाने, म्हणजे सहाव्या वर्गाने, टॅक्स कापला जाऊ शकतो. नंतर परत मिळतो, पण पहिल्या महिन्याचं बजेट कोलमडतं. नोंदीशिवाय बऱ्याच बँका खातं उघडायला नाखूश. आणि कायमचं घर हवं तर घरमालक मागतो तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, बँक खातं आणि 'शुफा'. शुफा म्हणजे तुमच्या उधारी-परतफेडीचं प्रगतिपुस्तक. १९२७ साली बर्लिनमध्येच सुरू झालेली ही संस्था. कालपरवा आलेल्या माणसाचं प्रगतिपुस्तक कोरं. तुम्ही पुण्यात गृहकर्ज वेळेआधी फेडलं असेल, त्याचं तिथे कुणाला कौतुक नाही.

म्हणजे घर नाही तर नोंद नाही, नोंद नाही तर टॅक्स नंबर आणि खातं नाही, आणि ते नाही तर घर नाही. या चक्राला एकच फट असते. पहिले काही महिने फर्निश्ड, तात्पुरतं, महागडं घर घ्यायचं, पण जिथे आनमेल्डुंग करता येते असंच. अनेक स्वस्त जाहिरातींत ते शिताफीने गाळलेलं असतं. तान्हाजी आधी कोंडाण्याचं लगीन लावायला गेला. बर्लिनमध्ये कोंडाणा म्हणजे हा नोंदीचा कागद. रायबाची वरात मागाहून.

जिन्यावरची रांग

बर्लिन हे भाडेकरूंचं शहर. इथली बहुसंख्य माणसं आयुष्यभर भाड्याने राहतात आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. 'स्वतःचं घर कधी?' हा प्रश्न इथल्या लग्नात कुणी विचारत नाही. पण म्हणूनच रिकाम्या घरावर उड्या पडतात. आम्ही पाहायला गेलो त्या एका घरासाठी जिन्यावर तिसऱ्या मजल्यापासून फुटपाथपर्यंत रांग होती. प्रत्येकाच्या हातात फोल्डर. काहींनी त्यात कुटुंबाचा हसरा फोटो आणि चार ओळींचं पत्रही जोडलेलं. थेट स्थळच! वर-वधू सूचक मंडळात आणि बर्लिनच्या घरशोधात मला फारसा फरक दिसला नाही. मुलगा निर्व्यसनी, पगार बरा, वाद्य वाजवत नाही.

भाषाही नवी शिकावी लागते. जाहिरातीत 'दोन खोल्या' म्हणजे आपलं १ बीएचके, कारण स्वयंपाकघर आणि बाथरूम खोल्यांत मोजत नाहीत. 'काल्टमीटे' म्हणजे थंड भाडं, नुसत्या घराचं. 'वार्ममीटे' म्हणजे गरम भाडं, त्यात पाणी, कचरा, बहुतेकदा हीटिंग धरलेलं. विजेचं बिल त्याहून वेगळं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या थंड भाड्याइतकं, आणि ते तीन हप्त्यांत भरायचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच दिलेला. ब्रोकरचं कमिशन जून २०१५पासून ज्याने ब्रोकर नेमला त्याने द्यायचं. आपल्याकडे एक महिन्याचं भाडं मुकाट मोजणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि स्वयंपाकघर? अनेकदा ते नसतंच! म्हणजे खोली असते, नळाचं तोंड भिंतीतून बाहेर आलेलं असतं. ओटा, सिंक, शेगडी, कपाटं आधीचा भाडेकरू उचलून नेतो, किंवा तुम्हाला विकतो. आमच्या नशिबात तो विकणारा होता. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, "अगं, ओटा कुणी घेऊन जातं का? उद्या भिंती नेतील."

शेवटी वेडिंग भागात आम्हाला ६४ चौरस मीटरचं घर मिळालं. हो, भागाचं नावच वेडिंग. वऱ्हाडी मंडळींनी यावर जितके विनोद करायचे तितके करून झाले आहेत.

चाळीची जर्मन बहीण

आमचं घर 'हिंटरहाउस'मध्ये, म्हणजे मागच्या इमारतीत. रस्त्यावरून दिसतो तो देखणा दर्शनी भाग, नक्षीची बाल्कनी वगैरे. त्याच्या पोटातून बोळ जातो, मग चौक, चौकाच्या दोन्ही बाजूंना इमारतीचे हात, आणि पलीकडे आम्ही. जुन्या बर्लिनचा मोठा भाग असाच बांधलेला आहे. १८६२मध्ये जेम्स होब्रेश्ट या इंजिनीअरने शहराच्या विस्ताराचा आराखडा आखला, कारखाने वाढले, कामगार लोटले आणि बिल्डरांनी चौकामागे चौक बांधत नेले. त्या काळच्या नियमात चौक किमान ५.३४ मीटर लांब-रुंद हवा होता. का? तर आगीचा बंब आत वळावा म्हणून. माणसांना ऊन मिळावं हा मुद्दा नव्हता.

गिरगाव-परळच्या चाळी ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे लगेच कळेल. गिरणी आली, माणसं आली, माणसांवर माणसं रचली. फरक इतकाच, की बर्लिनच्या या 'भाड्याच्या बराकी' आज रंगरंगोटी होऊन तरुणांच्या लाडक्या झाल्या आहेत. उंच छत, लाकडी जमीन, चौकात एक चेस्टनटचं झाड आणि सायकलींचा ढीग.

चाळीला उत्तर शोधणारेही याच शहरात झाले. एखाद्या रविवारी ब्रिट्सला जा. तिथे ब्रूनो टाउट या वास्तुविशारदाची घोड्याच्या नालाच्या आकाराची वसाहत आहे, १९२५ ते १९३३ दरम्यान उभारलेली. मध्ये तळं, भोवती घरं, प्रत्येक घराला उजेड, दारांना लाल-निळे-पिवळे रंग. साध्या पगारदार माणसाला परवडेल असं चांगलं घर, ही कल्पना तिथे विटांमध्ये दिसते. २००८मध्ये युनेस्कोने तिला आणि बर्लिनमधल्या अशाच आणखी पाच वसाहतींना जागतिक वारशात घेतलं.

तिथून टेम्पलहोफ गाठा. हे जुनं विमानतळ २००८मध्ये बंद झालं, २०१०मध्ये लोकांसाठी खुलं झालं. सुमारे ३०० हेक्टर मोकळं आकाश. धावपट्टीवर पोरं पतंग उडवतात, आजोबा स्केटिंग करतात. २०१४मध्ये कडेला घरं बांधायचा सरकारी बेत बर्लिनकरांनी मतदान करून हाणून पाडला. घराच्या रांगेत उभं राहून आल्यावर या निर्णयाचा राग येतो. लेकीला त्याच धावपट्टीवर सायकल शिकवताना मात्र तो कुठल्या कुठे जातो. शहराशी नातं जडतं ते असं, एका दिवसात दोन मतं बाळगून.

नावाची पाटी

बर्लिनच्या इमारतींत फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. पत्ता म्हणजे रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि तुमचं आडनाव. खाली बेलच्या पट्टीवर नाव, पत्रपेटीवर नाव. ते नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. आणि जर्मनीत महत्त्वाचं सगळं अजूनही पत्राने येतं. टॅक्स नंबर, बँकेचा पिन, विम्याचं कार्ड. पुणेकराला पाटीचं महत्त्व कुणी शिकवायला नको, पण इथे ती शोभेची नाही, पोटापाण्याची आहे. आमचं लांबलचक '-कर' आडनाव पट्टीत मावेना. शेवटी केअरटेकरने अक्षरं बारीक करून बसवलं.

नावाचा खरा गोंधळ मात्र फॉर्मवर होतो. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं. जर्मन फॉर्मला ही सगळी तुमचीच नावं वाटतात. त्यामुळे लेकीच्या किंडरगार्टनमध्ये तिच्या खुंटीवर तिच्या बाबाचं नाव चिकटवलं होतं. ती दोन दिवस फुगून बसली, "मी बाबा नाहीये." कार्डांवर मात्र पासपोर्टबरहुकूमच नाव हवं, एक अक्षर इकडे तिकडे नको. म्हणून निघण्यापूर्वी तिघांच्या पासपोर्टांवरची नावं आणि दाखल्यांवरची नावं जुळतात का, ते ताडून पाहा. आणि अपोस्टिलचा शिक्का घेऊन निर्धास्त होऊ नका. भारत २००५मध्ये त्या करारात आला, पण जर्मनीने हरकत घेतल्यामुळे भारतीय अपोस्टिल तिथे चालत नाही. आपल्या केससाठी कुठली पडताळणी लागते ते वकिलातीच्या यादीतच पाहा.

कल्पनेचा कागद

आता मुद्द्याचं. आमचा भाडेकरार बेमुदत आहे. जर्मनीत साधा भाडेकरार असाच असतो. भाडेकरूने तीन महिन्यांची नोटीस देऊन निघावं. घरमालकाला मात्र बाहेर काढायला कायद्यात बसणारं कारण लागतं. पुण्यात आमचं सगळं आयुष्य अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये गेलं. दर वर्षी नवा करार, नवी भाडेवाढ, सोसायटीचं एनओसी, पोलिस व्हेरिफिकेशन. तिथे घर मुदतीचं होतं, पण आपण त्या शहराचे बेमुदत होतो. बर्लिनमध्ये नेमकं उलट. घर बेमुदत, आपण मुदतीचे.

नवऱ्याचं ब्लू कार्ड नोकरीच्या कराराला बांधलेलं, माझा आणि लेकीचा परवाना त्याच्या कार्डाला बांधलेला. करार दोन वर्षांचा, त्यामुळे तिघांची तारीख एकच, एप्रिल २०२४. नोकरी पुढे वाढली, नूतनीकरणाचे अर्ज फेब्रुवारीतच गेले. पण रांग मोठी होती आणि एप्रिल उलटला तरी कार्डं हातात नव्हती. मे महिन्यात पुण्याहून भावाचा फोन आला. बाबांना बायपास सांगितली आहे, आठवड्याभरात.

तिकीट काढायला दोन मिनिटं लागतात. पण परत येता येईल का, या प्रश्नाला किती लागतात? त्या रात्री मी बाबांच्या अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि जर्मन रहिवास कायद्याचं ८१वं कलम आलटून पालटून वाचत होते. नवरा म्हणाला, "तू जा, बाकीचं बघू." पण बाकीचं म्हणजे चार वर्षांची पोर होती.

या कलमातून निघतो तो कागद म्हणजे 'फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग'. शब्दशः, कल्पनेचा दाखला! जुना परवाना संपलाय, नवा आलेला नाही, पण अर्ज वेळेत केलाय, म्हणून कायदा अशी कल्पना करतो की तुमचा जुना परवाना चालूच आहे. आपल्याकडे सोसायट्यांच्या बाबतीत 'मानीव अभिहस्तांतरण' असतं ना, तसा हा मानीव रहिवास. घडी घातलेला हिरवट कागद, आणि आत तीन चौकटी. कुठल्या चौकटीत खूण आहे यावर सगळं ठरतं. चौथ्या पोटकलमाची खूण असेल, म्हणजे जुना परवाना चालू धरला असेल, तर बाहेर जाऊन परत येता येतं. तिसऱ्या पोटकलमाची असेल तर राहता येतं, पण बाहेर गेलात की त्या कागदावर परत येता येत नाही.

तातडीचं कारण, हॉस्पिटलचं पत्र आणि त्याचं भाषांतर जोडून विनंती केली. चौथ्या दिवशी टर्मीन मिळाला. काउंटरपलीकडच्या बाईंनी पत्र वाचलं, शिक्का मारला, चौकटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही बघा, ही. जुनं कार्डही बरोबर ठेवा." आणि मग जरा थांबून, वडिलांना बरं वाटू दे, असं म्हणाल्या. मला रडू आलं ते त्या वाक्याने, चौकटीने नाही.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. परतताना मुंबई विमानतळावर चेक-इन काउंटरवरच्या मुलाने तो हिरवा कागद उलटसुलट करून पाहिला, मग सुपरवायझरला बोलावलं, मग त्यांनी फोन लावला. वीस मिनिटं मी मुदत संपलेलं कार्ड, पासपोर्ट आणि कल्पनेचा दाखला असा त्रिकोण हातात धरून उभी. मी थेट जर्मनीत उतरणारीच फ्लाइट घेतली होती, म्हणजे मध्ये तिसऱ्या देशात हा कागद समजावत बसायला नको. तिकडे जर्मन अधिकाऱ्याने मात्र दहा सेकंदांत शिक्का मारला.

फोल्डर भरताना

निघणाऱ्यांसाठी थोडक्यात. घर घेण्याआधी 'आनमेल्डुंग होईल का?' हा प्रश्न लेखी विचारा. घरमालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने पाठवतो, डिपॉझिट आधी भरा, असं कुणी म्हणालं तर पळ काढा. घर ताब्यात घेताना भिंतीवरच्या प्रत्येक ओरखड्याची दोघांच्या सहीने नोंद करा, फोटो काढा. भाडेकरू संघटनेचे सभासद व्हा. बर्लिनची मुख्य संघटना १८८८पासून आहे आणि वर्षाच्या फीमध्ये कायदेशीर सल्ला मिळतो. हिवाळ्यातही दिवसातून दोनदा खिडक्या सताड उघडा, नाहीतर फोडणीच्या वाफेने भिंतीला बुरशी येते आणि ती तुमच्या नावावर पडते. रविवारी मिक्सर, ड्रिल आणि वॉशिंग मशीनला सुट्टी देणं शेजाऱ्यांच्या दृष्टीने उत्तम.

आणि जर्मन शिका. ही सुविचाराची नाही, हिशेबाची गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२३पासून ब्लू कार्डधारकाला कायमचा परवाना २७ महिन्यांनी मागता येतो. भाषेची बी-वन पातळी असेल तर २१ महिन्यांनीच. त्यासाठी पेन्शनची वर्गणी हवी आणि पुरेसं घरही हवं. पुरेसं म्हणजे ढोबळमानाने सहा वर्षांवरील प्रत्येकाला १२ चौरस मीटर आणि लहानग्यांना १०. म्हणजे शेवटी परवान्याची वाट घरातूनच जाते.

आमची नवी कार्डं जुलैमध्ये आली. ती छापली जातात बर्लिनमध्येच, क्रॉइत्सबर्गच्या सरकारी छापखान्यात, आमच्या घरापासून मेट्रोच्या थोड्या अंतरावर. आता माझी स्वतःची नोकरी आहे, संध्याकाळी बी-वनचा क्लास आहे, आणि माझ्या कार्डावर २०२७ची तारीख आहे. नवऱ्याने कायमच्या परवान्याचा अर्ज भरलाय. आम्ही कायमचे राहणार का? खरं उत्तर असं, की ते आम्हाला ठरवायला मिळावं एवढंच सध्या हवंय. बाबांना भेटायला जाताना तारखा न मोजता जाता यावं, एवढंच.

लेकीला या कशाशीच देणंघेणं नाही. ती आता वाचायला शिकतेय. रोज खाली थांबून बेलच्या पट्टीवरची नावं मोठ्याने वाचते. तुर्की, पोलिश, व्हिएतनामी, जर्मन. आणि सगळ्यात बारीक अक्षरांतलं आमचं. ते आलं की बोट ठेवून बेल दाबते, घरात कुणी नसलं तरी.